आधी माती, मग हिरवळ



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ७ ते ११ (काही प्रतींत हेच श्लोक ८ ते १२ असे येतात).

तेराव्या अध्यायाची सुरुवात एका शेतकऱ्याला लगेच कळेल अशा शब्दाने होते. भगवंत म्हणतात, अर्जुना, हे शरीर म्हणजे क्षेत्र, म्हणजे शेत. आणि या शेताला जो जाणतो तो क्षेत्रज्ञ. पुढे या शेतात काय काय आहे ते सांगतात: पंचमहाभूतं, अहंकार, बुद्धी, इंद्रियं, मन, शिवाय इच्छा, द्वेष, सुख, दुःख. म्हणजे सातबारा उताराच म्हणा ना!

मग येतो आजचा भाग. ज्ञान म्हणजे काय ते भगवंत इथे सांगतात. आपण इंजिनीअर माणसं; ज्ञान म्हटलं की आपल्याला माहिती आठवते. व्याख्या, आकृती, थिअरी. पण इथे तसं काहीच नाही. वीस गोष्टींची एक यादी आहे. मानाची अपेक्षा नसणं, दिखावा नसणं, कुणाला न दुखावणं, सोसणं, सरळपणा, गुरुसेवा, स्वच्छता, स्थिरपणा, मनावर ताबा... अशी ती पुढे जाते. आणि शेवटी भगवंत म्हणतात, हेच ज्ञान, बाकीचं अज्ञान.

ही यादी एकदा बोटांवर मोजून बघा. अनन्य भक्ती तिच्यात कितवी येते? सोळावी. आधी पंधरा गोष्टी आहेत.

आपल्यातल्या कितीतरी जणांचा प्रश्न एकच असतो: "जप करतो, ॲपवर रोजची माळ पूर्ण होते, एकादशी करतो. पण आत काही हलत नाही. कुठे अडलंय?" या वीस शब्दांचं उत्तर मला या वर्षी पुस्तकापेक्षा जास्त मातीत समजलं. त्याबद्दल आज लिहितो.

तीनशे चौरस फूट

आमच्या घरामागे १५ फूट बाय २० फूट अशी मोकळी जागा आहे. पुण्याच्या कडेला नव्या वसाहतींत असते तशीच: वरून माती, आणि चार इंच खाली बिल्डरचा सगळा इतिहास. तिथे लॉन करायचं ठरलं. तयार हिरवळीचे रोल आणून अंथरणारे लोक मिळतात, एका दिवसात काम होतं. आम्ही मात्र घरीच करायचं ठरवलं, आणि त्याचं कारण आमचे अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. मंगळवेढ्याकडचे. सगळं आयुष्य काळ्या रानात ज्वारी केली, पंढरपूर जवळ असल्याने वारी कधी चुकली नाही. जानेवारीत आई गेली आणि अण्णा आमच्याकडे राहायला आले. रान वाट्याने दिलं. संध्याकाळचा हरिपाठ आई आणि अण्णा मिळून म्हणायचे, एक ओळ यांची, एक तिची. तो थांबला. गळ्यात माळ होती, कपाळाला बुक्का होता, पण संध्याकाळ झाली की अण्णा गप्प बसून राहायचे.

फोनवर सगळे त्यांना समजावायचे. आत्मा अमर आहे. तुम्ही वारकरी, तुम्हाला आम्ही काय सांगायचं. आता नामस्मरणात मन लावा. अण्णा "हो" म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

मी काही सांगितलं नाही. एप्रिलच्या एका रविवारी कुदळ घेऊन मागे गेलो आणि म्हणालो, "अण्णा, जरा माती बघता का?"

पहिलं काम: आत काय पुरलंय ते बघणं

लॉनसाठी साधारण नऊ इंच, म्हणजे एक वीत खोल खणायचं. आम्ही खणायला लागलो तर माती कमी आणि बाकीच जास्त निघालं. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, फरशीचे कपचे, वायरचं भेंडोळं, गुटख्याच्या पुड्या. पहिल्या दोन रविवारी ४०-४५ घमेली मलबा बाहेर गेला.

हे न काढता वर माती पसरून गवत लावलं असतं तरी पहिला महिनाभर सुंदर दिसलं असतं. नंतर जिथे खाली सिमेंट आहे तिथे मुळं अडतात, ऊन वाढलं की नेमके तेवढेच चट्टे पिवळे पडतात. वरून कितीही पाणी घाला, कारण खाली असतं.

यादीतले पहिले दोन शब्द म्हणजे अमानित्व आणि अदंभित्व. मला मोठं म्हणावं ही भूक नसणं, आणि जे नाही ते दाखवण्याची गरज नसणं. हे पहिले का, ते घमेली वाहताना कळतं. दंभ म्हणजे मलब्यावर अंथरलेलं लॉन. दिंडीतला सेल्फी चांगला येतो, त्यात काही वाईट नाही. पण सेल्फी आला नाही म्हणून चाललेलं वाया गेल्यासारखं वाटलं, तर खाली काहीतरी टणक आहे असं समजायचं.

लव्हाळा उपटू नका, खणा

मलब्यानंतर लव्हाळा. ज्यांनी बागकाम केलंय ते हसतील. वरून नाजूक तीनधारी काडी, आणि खाली जमिनीत काळ्या गाठी. नागरमोथा म्हणून औषधात वापरतात त्या याच. एक गाठ दुसरीला धाग्याने जोडलेली, दुसरी तिसरीला. काडी वरून उपटली की हाताला समाधान मिळतं, पण गाठ तिथेच राहते आणि पुन्हा फुटते. कित्येकदा एका काडीच्या जागी दोन-तीन येतात.

मी भराभर उपटत होतो. अण्णा बराच वेळ बघत बसले होते. मग खुरपं घेऊन खाली बसले आणि म्हणाले, "आरं, वरचं काय काढतोस? गाठ हाताला लागंस्तवर खाली जायचं." जानेवारीनंतर एवढं लांब वाक्य ते पहिल्यांदा बोलले असतील.

यादीत अहंकार नसणं हे वेगळं सांगितलंय, अमानित्व आधी येऊन गेलेलं असतानाही. असं का, हा प्रश्न मला नेहमी पडायचा. लव्हाळ्याने उत्तर दिलं. मानाची अपेक्षा ही वरची काडी आहे, ती दिसते आणि उपटता येते. 'मी' ही खालची गाठ. मीटिंगमध्ये श्रेय घेतलं नाही, काडी गेली. पण घरी येताना मनात चाललेलं असतं, "बघा, मी कसा श्रेय घेत नाही." ही दुसऱ्या गाठीची फूट. म्हणून खाली बसून, हळू, गाठ हाताला लागेपर्यंत जायचं. याला दुसरा उपाय नाही.

पाणी द्या, आणि तण येऊ द्या

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

माती साफ दिसायला लागली की कुणालाही वाटतं, आता लावून टाकू. पण इथे जाणकार माणसं थांबतात. मोकळ्या मातीला पाणी देतात आणि दहा-पंधरा दिवस काहीच लावत नाहीत. मातीत झोपलेलं तणाचं बी पाण्याने जागं होतं, सगळीकडे बारीक हिरवं उगवतं. मग खुरप्याने ते वरच्यावर काढायचं. पुन्हा पाणी, पुन्हा थांबणं, पुन्हा काढणं. निदान दोन वेळा. शेतात पेरणीआधी कुळवाच्या पाळ्या घालतात, त्यातही हा एक हेतू असतो. आणि माती फार खोल हलवायची नाही, नाहीतर खालचं नवं बी वर येतं.

मे महिन्यात आम्ही हे केलं. पहिल्या पाण्यानंतर बाराव्या दिवशी जमीन अशी दिसत होती की शेजारच्यांनी विचारलं, "हेच का तुमचं लॉन?"

नाम घ्यायला लागलेल्या माणसाचं असंच होतं. कितीतरी जण म्हणतात, "साधना सुरू केली आणि मन जास्तच घाण झालं. पूर्वी येत नव्हते असे विचार येतात. जुने राग आठवतात. जप माझ्यासाठी नाही बहुतेक." थांबा. ते विचार जपाने आणलेले नाहीत. बी आधीच पडलेलं होतं, कित्येक वर्षांचं. पाणी मिळालं म्हणून दिसलं. दिसलं म्हणून आता काढता येईल. हे अपयश नाही, ही पाळी घालण्याची वेळ आहे. या टप्प्यावर सोडून दिलं तर तणाला पाणी घातल्यासारखं होईल. क्षांती, म्हणजे सोसण्याची ताकद, आणि स्थैर्य, म्हणजे जागेवर टिकणं, हे यादीतले दोन शब्द याच पंधरवड्यांसाठी आहेत असं मला वाटतं.

कुजलेलंच शेणखत

मेच्या शेवटी शेणखत आणलं. दोन इंचांचा थर घातला. तीनशे चौरस फुटाला तो साधारण ५० घनफूट होतो. खत टेम्पोतून उतरताना अण्णांनी मूठभर हातात घेतलं, चुरगळलं, नाकाशी नेलं आणि मान हलवली. पूर्ण कुजलेलं शेणखत काळं, भुसभुशीत असतं आणि त्याला शेणाचा वास येत नाही, मातीचा येतो. ताजं शेण थेट घातलं तर ते कुजताना उष्णता निर्माण होते, मुळं जळतात, आणि त्यातून नवं तणबी येतं ते वेगळंच. दोन्ही मुळात एकच वस्तू. मधे फक्त काळ गेलेला असतो.

आजच्या यादीत एक कठीण ओळ आहे. जन्म, मृत्यू, म्हातारपण, आजार यांतलं दुःख डोळे उघडे ठेवून पाहणं. तिच्या पाठोपाठ बायको-मुलं-घर यांत न गुंतणं. आणि इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, कारण आपण तरुण साधक इथे फार घाई करतो.

ही यादी स्वतःच्या शेतासाठी आहे, दुसऱ्याच्या नाही.

ज्याचं माणूस गेलंय त्याला अनासक्तीचा श्लोक फॉरवर्ड करणं म्हणजे ताजं शेण मुळाशी टाकणं. श्लोक खोटा नाही, शेणही वाईट नाही. पण जळतं. चव्वेचाळीस वर्षांची साथ सुटलेल्या माणसाच्या दुःखाला कुजून माती व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणालाही कमी करता येत नाही. आपण करू शकतो ते यादीतलंच, पण आपल्या वाट्याचं: अहिंसा. ज्ञानेश्वर माउलींनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, त्यात या एका अध्यायावर हजाराहून जास्त ओव्या आहेत, आणि अहिंसेवर ते किती वेळ थांबलेत ते बघा. अहिंसक माणूस पाऊल कसं टाकतो, बघतो कसा, बोलतो कसा, इथपर्यंत जातात. दुखावलेल्या माणसाजवळ शब्दसुद्धा तसेच हलके ठेवायचे असतात. नाहीतर शब्द नकोत, कुदळ पुरे.

उतार

खत मिसळून झालं की सपाटी. इथे गंमत अशी, की लॉन अगदी सपाट ठेवायचं नसतं. पाच फुटांना एक इंच असा घरापासून लांब जाणारा उतार लागतो, नाहीतर पाणी साचून मुळं कुजतात. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली नळी लावून आम्ही २० फुटांत चार इंच उतार काढला. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा छत्री घेऊन उभे राहिलो आणि पाणी कुठे थांबतंय ते बघितलं. दोन ठिकाणी डबकी झाली. तिथे माती भरली, फळीने सारखी केली, पायाने दाबली.

समचित्तत्व म्हणजे मनावर काही पडूच नये असं नाही. हवं ते येईल, नको तेही येईल, पाऊस तर पडणारच. पण येईल ते मुरावं, जास्तीचं वाहून जावं, साचून सडू नये. तेवढा उतार मनाला हवा. आणि डबकं कुठे होतं ते कोरड्या दिवसांत कळत नाही, पावसातच कळतं.

हरळी

जूनच्या शेवटच्या रविवारी लावणी. चार-चार इंचांवर एक ठोंब, म्हणजे चौरस फुटाला नऊ, एकूण २,७००. घरातले सगळे सकाळी सातला बसलो ते दिवेलागणीपर्यंत. अण्णांनी पहिला ठोंब हातात घेतला, उलटून पाहिला आणि जानेवारीनंतर पहिल्यांदा मोठ्याने हसले.

"ही तर हरळी! आयुष्य गेलं माझं हरळी काढण्यात, आन् तू इकत आणून लावायलास व्हय?"

खरंच होतं. जगभर लॉनसाठी लावतात ते बर्म्युडा गवत म्हणजे सायनोडॉन डॅक्टिलॉन, म्हणजे आपली हरळी. ज्वारीच्या रानात ती शिरली की रान गेलं म्हणायचे. उन्हाळ्यात खोल नांगरून, मुळ्या वर काढून उन्हात तापवायच्या, मग बायामाणसं ओळीने त्या वेचायची. कारण हरळीच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं. तुकडा राहिला तरी तो नवं झाड होतो. आणि हीच हरळी गणपतीला वाहिली की दूर्वा.

एकच गवत. रानात तण, अंगणात हिरवळ, देवापुढे दूर्वा. आणि तिचा गुण तिन्ही ठिकाणी तोच: चिवटपणा. तोडलं तरी फुटायचं, पेरापेराला मूळ धरायचं.

आपलं मन असंच आहे. एकदा कुणी बोललं ते दहा वर्षं धरून ठेवतं. एखादी भीती शंभर वेळा काढली तरी फुटते. आपण म्हणतो, मन फार वाईट, मारून टाकावं. पण हा चिवटपणा मनाचा दोष नाही, मनाची ताकद आहे. जे मन अपमानाला इतकं घट्ट धरू शकतं, ते नामालाही धरू शकतं. सहाव्या अध्यायात मन आवरत नाही अशी तक्रार अर्जुनाने केली, तेव्हा भगवंतांनी मन मारायला सांगितलं नाही. अभ्यास आणि वैराग्य सांगितलं. एक रान हरळीपासून सोडवायचं, एक अंगण हरळीला द्यायचं. काम दोन्हीकडे करावं लागतं, आणि दोन्हीकडे सुरुवात मातीपासूनच होते.

वाढवतो कोण?

लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे माती ओली ठेवायची. पावसाने उघडीप दिली की झारीने थोडं-थोडं पाणी. मुळं धरली की उलटं करायचं: पाणी भरपूर, पण दिवसाआड, मग त्याहून लांबवायचं. रोज वरवर शिंपडलं तर मुळं वरच राहतात. खाली ओल शोधावी लागली तर हरळीची मुळं तीन-चार फुटांपर्यंतही जातात. साधनेत सुरुवातीला गोडी मिळते आणि मग एकदम कोरडं वाटायला लागतं, तेव्हा हे आठवा. देव दूर गेला असं नाही. मुळांना खाली बोलावणं आलंय.

आणि एवढं सगळं करूनही, एक पातंसुद्धा आम्ही उगवलेलं नाही. याच अध्यायात पुढे भगवंत सांगतात, की सगळी कर्मं प्रकृतीच करते आणि आत्मा अकर्ता आहे हे जो पाहतो, तोच खरं पाहतो. खणणं आपलं, वेचणं आपलं, थांबणं आपलं. वाढणं आपलं नाही. आपल्या संत सावता महाराजांनी अरणच्या मळ्यात हेच केलं. पंढरपूर सोडाच, मळाही सोडला नाही. खुरपं हातात होतं आणि विठ्ठल तिथेच होता.

ऑगस्टपर्यंत ठोंबांमधली माती दिसेनाशी झाली. संकष्टीला अण्णांनी स्वतः वाकून २१ दूर्वांची जुडी खुडली. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ते अनवाणी गवतावर उभे होते, हातात रिकामी झारी. तोंडातल्या तोंडात हरिपाठ सुरू झाला. पहिली ओळ झाली. पुढची आईची. तिथे ते थांबले.

ती ओळ मी घेतली.

त्यांना कुणी "आता हरिपाठ सुरू करा" म्हटलं नव्हतं. तीन महिने माती फक्त भुसभुशीत झाली होती.

आजचा संकल्प

१. यादीतले वीस शब्द आज एकदा सावकाश वाचा. त्यातला एकच निवडा. या आठवड्यात तेवढंच रान.

२. जप करताना जे तण वर येईल त्याला घाबरू नका, त्याच्याशी भांडूही नका. दिसलं, काढलं, पुन्हा नाम.

३. तुमच्या ओळखीत कुणी दुःखात असेल तर आज त्यांना श्लोक पाठवू नका. जाऊन भेटा. काहीतरी काम बरोबर करा, भाजी निवडा हवं तर.

४. "काही होत नाही" असं वाटलं तर स्वतःला विचारा: मी अजून मातीत आहे का? असाल तर उत्तम चाललंय. भगवंतांनी त्यालाच ज्ञान म्हटलंय.

पांडुरंगा, शेत तुझं, बी तुझं, पाऊसही तुझाच. आम्हाला फक्त खाली बसून गाठ हाताला लागेपर्यंत खणण्याचा धीर दे. आणि शेजारच्या रानात पाय टाकताना तो हलका पडू दे.

राम कृष्ण हरी!